ट्रॅकवर नेण्याजोगी गाडी

‘ट्रॅक डे’ हा शब्द पुण्यामुंबईच्या गाडीप्रेमींच्या बोलण्यात आता चांगलाच रुळला आहे. शर्यतींसाठी बांधलेला ट्रॅक एखादा क्लब किंवा आयोजक दिवसभरासाठी भाड्याने घेतो आणि फी भरणाऱ्याला स्वतःची गाडी घेऊन तिथे उतरता येते. दिवस पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रांत वाटलेला असतो. तेवढ्या वेळात गाडी तिच्या क्षमतेच्या टोकापर्यंत चालवण्याची मुभा असते. ही शर्यत नव्हे. क्रमांक लागत नाहीत आणि दुसऱ्याला ओलांडायचे तर ते नेमून दिलेल्या सरळ भागातच, पुढच्याने वाट दिल्यावर.

हौशी मंडळींच्या या छंदाची दखल इथे घेण्याचे कारण आपल्या रस्त्यांवर आहे. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टुस आणि स्कोडा स्लाव्हिया या गाड्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनातून १५० अश्वशक्ती देतात. एका पिढीपूर्वी मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात एवढी ताकद नव्हती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची आणि समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा आहे. ती ओलांडायला या गाड्यांना काही सेकंद पुरतात. सार्वजनिक ठिकाणी सरकारच्या परवानगीशिवाय शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे गाडीची खरी ताकद कायद्याने अजमावायची तर ट्रॅकच गाठायला हवा.

तो जवळ नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक १९९० पासून आहे. कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे हा एस. करीवर्धन या शर्यतपटू आणि गाडीरचनाकाराच्या नावाने ओळखला जातो. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. पुण्याहून हे तिन्ही ट्रॅक हजार किलोमीटरांहून दूर आहेत. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीत राष्ट्रीय कार्टिंग मालिकेच्या फेऱ्या झाल्या आहेत आणि शिकण्यासाठी कार्टिंगसारखे साधन नाही, पण तिथे आपली मोटार नेऊन चालवता येत नाही. अंतराचा हा मुद्दा गाडी निवडतानाही विसरून चालत नाही. जी गाडी ट्रॅकवर पळवायची, तिनेच बहुधा घरीही परत यायचे असते.

ट्रॅकवर गाडीचे नेमके काय होते हे समजण्यासाठी इंजिन बाजूला ठेवून आधी ब्रेककडे पाहावे. धावत्या गाडीतली गतिज ऊर्जा तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या बाबतीत ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. त्यामुळे ताशी १६० वरून ८० वर येताना वेग निम्मा होत असला, तरी ब्रेकला ऊर्जेचा पाऊण हिस्सा शोषावा लागतो. अकराशे किलोच्या छोट्या हॅचबॅकच्या बाबतीत ही ऊर्जा आठ लाख ज्यूलच्या घरात जाते. नळाचे अडीच लिटर पाणी उकळायला साधारण तेवढीच लागते. गॅसवर त्या पाण्याला आठ-दहा मिनिटे हवीत. ट्रॅकवर ही उष्णता तीन-चार सेकंदांत निर्माण होते.

ती जाते मुख्यतः पुढच्या दोन डिस्कमध्ये, कारण ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढच्या चाकांवर झुकतो. दोन्ही डिस्क मिळून बारा किलोच्या धरल्या, तर ढोबळ हिशेबाने अशा एका ब्रेकमागे त्यांचे तापमान शंभरेक अंशांनी चढते. पुढच्या सरळ भागात वाऱ्याने त्या थोड्या निवतात, पण पुरत्या निवण्याआधी पुढचे वळण येते. एका फेरीत असे चार-पाच वेळा घडते आणि एका सत्रात सहा-सात फेऱ्या होतात. रोजच्या वापरासाठी बनवलेल्या ब्रेकला इतकी सलग उष्णता सोसायची सवय नसते. बोरघाट उतरताना कधी ब्रेकचा जळका वास आला असेल, तर ती या प्रकाराची फक्त सुरुवात असते.

इथून पुढे दोन प्रकारे घात होतो आणि ते दोन्ही वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिल्याला ब्रेक फेड म्हणतात, म्हणजे ब्रेक पॅडची पकडच उष्णतेने मंदावते. पेडल घट्ट लागते, पाय पूर्ण जोर लावत असतो, पण गाडी हवी तशी थांबत नाही. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा. पॅडची उष्णता पिस्टनमार्गे ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते, ऑइल उकळते आणि नळ्यांमध्ये वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबाने आक्रसत नाही, वाफ मात्र आक्रसते. म्हणून पेडल लुळे पडून थेट तळाला जाते आणि चाकापर्यंत जोर पोहोचतच नाही. ही वेळ नेमकी सगळ्यात लांब सरळ भागाच्या शेवटी येते, कारण सर्वाधिक वेग तिथेच असतो.

ब्रेक ऑइलच्या डब्यावर ‘डॉट ३’, ‘डॉट ४’, ‘डॉट ५.१’ असे दर्जे छापलेले असतात. ते या उकळण्याविषयीच सांगतात. डॉट ४ दर्जाचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. पण ही ऑइले ग्लायकॉल गटातली, म्हणजे हवेतला ओलावा शोषून घेणारी असतात. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. कोकणपट्टीत दोन पावसाळे काढलेल्या आणि ब्रेक ऑइल न बदललेल्या गाडीची ट्रॅकवर काय अवस्था होईल, हे यावरून कळावे. शर्यतींसाठी बनवलेल्या ऑइलचा उत्कलनांक ताजेपणी तीनशे अंशांच्या पुढे असतो. मोट्युलच्या आरबीएफ ६०० चा ३१२ अंश आहे. एक सावधगिरी मात्र हवी. ‘डॉट ५’ हे सिलिकॉनचे, वेगळ्याच जातीचे ऑइल आहे आणि नावातल्या साधर्म्यामुळे ते ५.१ च्या जागी ओतले जाऊ नये.

पॅडच्या बाबतीत तडजोड करावी लागते. शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय पकडतच नाहीत. सकाळी सोसायटीच्या उतारावर ते धोकादायक ठरतात, शिवाय कर्कश वाजतात आणि डिस्क लवकर झिजवतात. रस्ता आणि ट्रॅक या दोहोंसाठी बनवलेले मधल्या दर्जाचे पॅड नवख्याला पुरतात. ते बसवल्यावर ओळीने काही मध्यम जोराचे ब्रेक लावून त्यांचा थर डिस्कवर बसवून घ्यावा लागतो. सत्राची शेवटची फेरी ब्रेकला कमीत कमी हात लावत, शांतपणे चालवायची असते, म्हणजे डिस्क वाऱ्याने निवतात. आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. लाल झालेल्या डिस्कला पॅड एकाच जागी आवळून बसले तर ती तिथे असमान तापते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकडी ठोकळा लावणे हा साधा उपाय आहे.

टायरचे गणितही उष्णतेचेच आहे. बंद जागेतल्या हवेचे तापमान वाढले की दाब वाढतो. तीस अंशांना ३३ पीएसआय भरलेली हवा टायर ऐंशी अंशांपर्यंत तापल्यावर चाळीसच्या वर जाते. जास्त फुगलेल्या टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो आणि पकड कमी होते. म्हणून ट्रॅकवरची माणसे गार दाबापेक्षा गरम दाबाचे बोलतात: सत्र संपल्याबरोबर गेज लावून हवा सोडायची आणि संध्याकाळी परतीला निघण्यापूर्वी पुन्हा भरायची. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो, उदाहरणार्थ ‘२३२३’, म्हणजे २०२३ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुन्या टायरचे रबर कडक झालेले असते. उलट अगदी कोऱ्या टायरची खोल नक्षी जोराच्या वळणात वळवळते आणि लवकर तापते. ताज्या रबराचा, थोडा वापरलेला टायर सगळ्यात बरा. पुढच्या चाकांना वरून किंचित आत झुकवले, ज्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात, तर वळणात बाहेरची कड कमी झिजते. अनेक गाड्यांत मात्र मूळ जोडणीत याला फारसा वाव नसतो.

इंजिनाकडून अपेक्षा त्या मानाने कमी आहेत. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकते आणि शोषनळी उघडी पडली तर बेअरिंगना क्षणभर कोरडे फिरावे लागते. म्हणून ऑइल ताजे आणि वरच्या खुणेपर्यंत भरलेले असावे. कूलंट, रेडिएटरचे होज, पट्टे, इंजिनाचे माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश हे सगळे ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर गाडी चढवून एकदा नीट पाहून घ्यावे. चाकांचे नट टॉर्क पान्याने, ठरलेल्या ताकदीने आवळावेत आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासावेत.

आता गाडीच्या निवडीकडे वळू. वरचे सगळे खर्च, म्हणजे पॅड, डिस्क, टायर, दोन गोष्टींवर ठरतात: गाडीचे वजन आणि ब्रेक दाबण्याच्या क्षणी तिचा वेग. सतराशे किलोची ताकदवान स्पोर्ट्स कार त्याच सरळ भागात ताशी २०० ला पोहोचली आणि तिला ८० वर आणायचे म्हटले, तर ब्रेकने शोषायची ऊर्जा आपल्या छोट्या हॅचबॅकच्या जवळजवळ पावणेतीन पट होते. तिला मोठे ब्रेक दिलेले असतात हे खरे, पण त्या मोठ्या ब्रेकची आणि रुंद टायरची किंमतही तशीच मोठी असते.

जगभरात या छंदात माझदा एमएक्स-५ ही छोटी दोन आसनी गाडी इतकी रूढ झाली, त्याचे कारण हेच. ती १९८९ मध्ये बाजारात आली. वजन टनाच्या आत, इंजिन बेताचे, मागची चाके ओढणारी, सुटे भाग मुबलक. २०१६ मध्ये तिच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा गाठला. सरळ भागात ती कुणालाही मागे टाकत नाही, पण वळणात चालकाची प्रत्येक चूक ती स्पष्ट दाखवते आणि त्या चुकीची शिक्षाही बेताचीच देते. उघड्या छताच्या अशा गाड्यांना अनेक ठिकाणी डोक्यामागे लोखंडी कमान बसवल्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत, कारण गाडी उलटली तर वर आधार काहीच नसतो.

ही माझदा आपल्या बाजारात नाही. तिची जागा आपल्याकडे हलक्या हॅचबॅकनी घेतली आहे. मारुती स्विफ्टचे इंजिन फॉर्म्युला एलजीबीसारख्या भारतीय शर्यतगाड्यांत वर्षानुवर्षे चालले आहे, त्यामुळे त्याचे गुणदोष शर्यतीच्या मेकॅनिकांना पाठ आहेत. फोक्सवॅगन पोलो चाकणला तयार होत होती आणि कंपनीने २०१० मध्ये भारतात तिची स्वतंत्र शर्यतमालिका सुरू केली. २०२२ मध्ये तिचे उत्पादन थांबले, म्हणजे आता मिळेल ती वापरलेलीच. तिच्या टर्बो पेट्रोल प्रकारातला सात गिअरचा कोरड्या क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स शहरात सुखाचा आहे. ट्रॅकसाठी पाहणाऱ्याने हाताने गिअर टाकण्याची गाडी शोधावी. एकंदरीत वापरलेली गाडी घेताना आधीच्या मालकाने बरेच बदल केलेली ‘तयार’ गाडी स्वस्त वाटते. मूळ अवस्थेतली, सर्व्हिसची पुस्तिका भरलेली आणि अपघाताचा इतिहास नसलेली गाडी थोडी महाग पडली तरी हिशेबात तीच परवडते. उंच एसयूव्ही या कामासाठी नकोच. तिचा गुरुत्वमध्य वर असतो, वळणात भार जास्त झुकतो आणि काही आयोजक तिला प्रवेशही देत नाहीत.

सुरक्षेच्या सामानात एक गैरसमज वारंवार दिसतो. शर्यतगाडीसारखे दिसावे म्हणून काही जण मूळ सीटला चार टोकांचा पट्टा, म्हणजे हार्नेस, बसवून घेतात. नेहमीचा तीन टोकांचा पट्टा, एअरबॅग आणि सीट यांची रचना एकमेकांच्या मेळाने केलेली असते. हार्नेस खांदे सीटला घट्ट बांधून टाकतो. समोरून धडक बसली की धड जागीच राहते, पण हेल्मेटचे वजन घेऊन डोके पुढे जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. त्यासाठी हॅन्स हे डोक्याला मागून धरून ठेवणारे उपकरण लागते. गाडी उलटून छत दबले तर सरळ बांधलेल्या माणसाला खाली झुकता येत नाही. त्यासाठी रोल केज, म्हणजे आतला पोलादी सांगाडा हवा. आणि सांगाडा बसवला की रस्त्यावर हेल्मेटविना त्याच गाडीत बसलेल्याचे डोके त्यावर आपटण्याची भीती. म्हणून यातले एक घेऊन दुसरे सोडता येत नाही. हौशी माणसाने मूळ पट्टाच वापरावा. खर्च करायचा तो हेल्मेटवर: मोटारशर्यतीसाठीच्या स्नेल एसए प्रमाणपत्रात आगीला तोंड देण्याचीही चाचणी असते, दुचाकीच्या हेल्मेटला ती नसते.

गाडीत बदल करणाऱ्यांनी कायदाही जाणून घ्यावा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ काटेकोरपणे लावला. ब्रेक ऑइल, पॅड, मूळ मापाचे टायर ही झिजणारी सामग्री आहे; ती उत्तम दर्जाची घेण्याला कुणाची हरकत नसते. आवाज करणारा सायलेन्सर, बदललेली चॅसी, मूळचे नसलेले इंजिन हे मात्र आरसीवरच्या नोंदीशी विसंगत ठरते आणि घरी परतताना वाटेतच अडचणीत आणू शकते.

विम्याची बाब त्याहून गंभीर आहे. आपल्याकडच्या खासगी मोटारीच्या सर्वसाधारण पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. आयोजित शर्यती, वेगाची चाचणी, टिकाऊपणाच्या चाचण्या अशा वापरासाठी संरक्षण नाही, असे त्यात स्पष्ट म्हटलेले असते. ‘आमची शर्यत नव्हतीच’ हा युक्तिवाद दाव्याच्या वेळी किती टिकेल, याचा भरवसा कुणी धरू नये. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर नुकसान मालकाचेच, आणि बँकेचे हप्ते चालूच.

ही सगळी बाजू समोर ठेवल्यावर आमचे मत असे आहे की, ट्रॅकसाठी गाडी निवडताना पहिला प्रश्न अश्वशक्तीचा नसून उद्या ही गाडी पूर्ण गेली तर घराचे काही बिघडेल का, हा असावा. बिघडणार असेल तर ती गाडी ट्रॅकची नव्हे, मग ती कितीही देखणी असो. पहिल्या वर्षी इंजिनाची ताकद वाढवण्यावर एक रुपयाही घालू नये. रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले बदल करून दहा-वीस अश्वशक्ती वाढवता येतात, पण त्यामुळे गाडी प्रत्येक वळणाला आणखी वेगाने पोहोचते आणि आधीच तापलेल्या ब्रेकवरचा बोजा वाढतो. तेच पैसे ताज्या ब्रेक ऑइलला, पॅडना, चांगल्या टायरना आणि शेजारी बसून शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला द्यावेत. ईएसपी, म्हणजे घसरण सावरणारी यंत्रणा, बंद करण्याची घाई नको. अनुभवी माणसाने चालवलेली साधी स्विफ्ट नवख्याच्या महागड्या कूपेला वळणावळणाला गाठते, हे कोणत्याही ट्रॅकवर पाहायला मिळते.

दोन अपेक्षा मात्र चालकांबाहेरच्यांकडून आहेत. ब्रिटनमध्ये ट्रॅकवरच्या एका दिवसापुरता विमा काढता येतो. मालकाने सोसायचा वाटा मोठा असतो, पण दिवाळे निघत नाही. भारतीय विमा कंपन्यांनी असे संरक्षण सहज उपलब्ध करून द्यावे आणि त्यासाठी प्रशिक्षण, हेल्मेट व ब्रेकच्या तपासणीची अट खुशाल घालावी. राज्य सरकारनेही द्रुतगती मार्गांवर कॅमेरे वाढवताना, चाकणपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर सर्वांना खुला, पूर्ण लांबीचा ट्रॅक उभारण्याचा विचार करावा. एका पहाटे निघून संध्याकाळी परत येता येईल अशी जागा मिळाली, तर ज्यांना वेग हवा आहे ते तिथे जातील, आणि जे तरीही महामार्गावरच शर्यत लावतील त्यांच्यावर कलम १८९ बिनदिक्कत लावावे.